मोटर बंद, दोष विहिरीला

मंडळी, नमस्कार करून घ्या देवाला, आणि पुढे सरका. अहो पुढे या! बायकांची बाजू बघा कशी भरली, आणि पुरुष मंडळी? — सगळी खांबाआड! आजचा विषय आधीच कळलेला दिसतोय कुणाला तरी!

तर मंडळी, ऐका. एकच सवाल टाकतो. लग्नाला सात वर्षं झाली, आणि घरात पाळणा हलला नाही. त्या घरात पहिलं बोट कुणाकडे जातं? — बोला की! — ओठ हलले, आवाज मात्र नाही. मीच सांगतो. सुनेकडे! डॉक्टर नाही, कागद नाही, विचारणं नाही, निकाल तयार! चोराला पकडलं तरी विचारतात हो, 'बाबा, तू चोरी केलीस का?' हिला तेवढंसुद्धा कुणी विचारत नाही!

आणि ते बोट खरोखर जायला कुठं हवं होतं? त्याचं आजचं आख्यान. पेटीवाले, सूर धरा —

बोट दाखविसी । दुज्याकडे एक ।
तीन तुझ्याकडे । वळली रे ॥

हे चरण माझंच आहे. हसू नका, साधं आहे, पण घरी जाऊन करून बघा. एक बोट पुढे, तीन आपल्याकडे. अंगठ्याचं काय ते अंगठ्याला विचारा!

आता ऐका. आष्ट्याला एक गृहस्थ, उमाकांत तोडकर. धंदा मोटर रिवायंडिंगचा. विहिरीवरचा पंप जळला, पिठाच्या गिरणीची मोटर बसली, की माणसं म्हणतात, 'तोडकराकडे ने.' माणूस हुशार! मोटर उघडायची, जळकी तार काढायची, नवं तांबं गुंडाळायचं. दिवसाचे दहा तास तारांच्या वेटोळ्यांत बसलेला. घरी बायको हर्षदा आणि आई इंदूबाई. एक धाकटी बहीण पल्लवी, ती लग्न होऊन तासगावला.

हर्षदा कशी? कमी बोलणारी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. वीस घरांना इडलीचं पीठ वाटून देते. मिक्सर तिचा उजवा हात!

सात वर्षं झाली. मूल नाही. मग सुरू झालं! सोमवार धरले, अंगारा लावला, कुणी सांगितलं म्हणून कडू काढे प्याली. दवाखान्यात तिची तपासणी झाली. एकदा नाही, तीनदा! रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांची तपासणी झाली. ती तपासणी दुखते हो, इथे बसलेल्या कितीजणींना माहीत आहे. तिन्ही वेळा डॉक्टरीण काय म्हणाली? 'तुमच्यात काही दोष नाही. आता यजमानांना घेऊन या.'

आणि यजमान काय म्हणाले?

'मला काय झालंय? शंभर किलोची मोटर एकटा उचलतो मी!'

वा! अहो उमाकांतराव, मोटर उचलण्याचा आणि याचा काय संबंध? मग हमालांच्या घरी दरवर्षी बारसं व्हायला हवं!

पण हे त्याला सांगणार कोण? आई म्हणायची, 'माझ्या वंशात असलं काही नाही.' त्याची मावशी म्हणायची, 'पोरीची कूसच थंड.' आणि उमाकांत? तो वाईट माणूस नव्हता मंडळी. बायकोवर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त गप्प बसायचा. आता तुम्हीच ठरवा, त्या गप्प बसण्याला काय नाव द्यायचं.

एके दिवशी काय झालं? त्याच्या मोबाईलवर आला एक मजकूर. 'घरातली यंत्रं आणि पुरुषाचं वीर्य!' — का हो, माना का खाली गेल्या? पोथ्यापुराणांत हाच शब्द येतो तेव्हा डोलता की! — तर त्यात लिहिलेलं, घरातल्या विजेच्या यंत्रांतून विद्युतचुंबकीय लहरी निघतात. बाप रे, केवढा शब्द! म्हणताना टाळ खाली ठेवावे लागतात! मिक्सर, फ्रिज, इंडक्शनची शेगडी, वायफाय. या लहरींनी म्हणे पुरुषाची बीजं मंदावतात. खाली कुणाची सही नाही, कुणाचं नाव नाही. पण वर लिहिलेलं — 'वीस जणांना पाठवा!'

उमाकांत भर दुपारी दुकानातून उठला, घरी आला, आणि लागला प्लग उपटायला! मिक्सर माळ्यावर गेला. इंडक्शन पोत्यात बांधलं. फ्रिज ढकलत ढकलत ओसरीवर. वायफायचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप!

हर्षदा म्हणते, 'अहो, हे काय चाललंय?'

'या लहरींनीच घात केलाय आपला. आजपासून सगळं बंद.'

'आणि माझं पीठ?'

'पाटा आहे, वरवंटा आहे. आपल्या आज्या काय मिक्सर घेऊन जन्मल्या होत्या?'

मग तो वळला टीव्हीकडे. इंदूबाई कडाडल्या, 'माझ्या टीव्हीला हात लावशील तर बघ!' आणि मंडळी, काय चमत्कार! टीव्हीच्या लहरी तेवढ्या सात्त्विक निघाल्या! टीव्ही जागेवर राहिला.

आठ दिवस! आठ दिवस ती बाई वीस घरांचं पीठ पाट्यावर वाटत होती. तळहाताला फोड आले, फुटले. एक गिऱ्हाईक तुटू दिलं नाही. रडली नाही, भांडली नाही. पण आतून ठरवत होती. आणि बाई एकदा ठरवायला लागली की मंडळी — सावध व्हा!

नवव्या दिवशी ती दुकानात डबा घेऊन गेली. तिथे कोण? पैलवान आण्णा! वाडीचे जुने गिऱ्हाईक, मिशा अशा! पंपाची मोटर टेम्पोतून उतरवली, आणि म्हणतात, 'उमाकांत, मोटर आणलीय खरी, पण माझ्या मतानं इहिरीलाच कायतरी झालंय बघ. पानीच देईना झाली.'

उमाकांत हसला. म्हणाला, 'आण्णा, विहिरीत पाणी हाय का?'

'हाय की! काठोकाठ हाय.'

'मग त्या बिचाऱ्या विहिरीला कशाला नावं ठेवताय? आधी मोटर उघडून बघू.'

हर्षदा बाजूला उभी होती. तिनं ऐकलं. लगेच बोलली नाही हो! परक्या माणसासमोर नवऱ्याचा पाणउतारा करायचा नाही, एवढी समज होती तिला. ही समज तिला सात वर्षांत त्या घरातल्या एकानंही दाखवली नव्हती, ते सोडा! आण्णा गेले. टेम्पो गेला. मग तिनं डबा टेबलावर ठेवला.

'अहो, एक विचारू? न उघडता मोटरीला चांगलं म्हणता येतं?'

'येईल कसं?'

'मग सात वर्षं नुसती विहीरच का तपासताय?'

उमाकांतच्या हातातला पाना हातातच राहिला.  मग सावरून म्हणतो, 'अगं पण त्या लहरी...'

'बरं, लहरी. त्या लहरींनी कुणाचं बिघडतं म्हणून लिहिलंय?'

'...पुरुषाचं.'

'म्हणजे तुमच्यात बिघाड असू शकतो. हे मी नाही म्हटलं. गेले आठ दिवस घरभर प्लग उपटत तुम्हीच म्हणताय!'

अरे वा, हर्षदाबाई! मंडळी, बघा काय झालं! सात वर्षं जो दोष त्यानं अंगाला लागू दिला नव्हता, तो त्यानं स्वतःच मोबाईलवरनं उतरवून घरात आणला होता. फक्त मिक्सरच्या नावावर लावला होता! यंत्र काय, बोलत नाही. सोसतं.

ती पुढे म्हणाली, 'आणि ऐका. माझा मिक्सर दिवसाला तासभर फिरतो. तुम्ही दहा तास या तारांत बसता. लहरींची एवढी भीती असेल, तर पहिलं कुलूप या शटरला लावा. माझ्या मिक्सरला नाही.'

'हर्षदा, हळू बोल, शेजारी ऐकतील.'

'हळूच बोलतेय. उद्या सकाळी मिरजेला जायचं. तुमच्या तपासणीला.'

'आणि नाही आलो तर?'

'तर मी माहेरी जाईन. भांडून नाही, सोडून नाही. ज्या दिवशी तपासणी कराल, त्या दिवशी परत येईन. मला मूल हवंय, ते खरं आहे. पण मूल झालं नाही तरी मी जगेन. हे खोटं नाव कपाळावर घेऊन मात्र मी एक दिवससुद्धा जगणार नाही.'

घ्या! याला म्हणतात निश्चय! आपण इथे टाळ कुटतो आणि निश्चयावर तासभर बोलतो. त्या बाईनं चार वाक्यांत सांगितला.

घरी इंदूबाईंनी आकांत मांडला. 'पुरुषाची कसली तपासणी? लोक काय म्हणतील?' हर्षदा म्हणाली, 'आत्याबाई, माझ्या तीन तपासण्यांना तुम्ही बरोबर आलात, माझा हात धरून बसलात. तो हात मी विसरले नाही. आता यांच्या एका तपासणीला नको म्हणू नका.' इंदूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथूनच विचारतात, 'बरोबर डबा काय देऊ?' आईच ती! विरघळली.

मिरजेला गेले. नर्सनं एक डबी दिली, त्यावर नाव लिहायला सांगितलं. उमाकांतला घाम! आष्ट्याचं कुणी नाही ना, म्हणून वळून बघतो, तर समोरच्या बाकावर कोण? पैलवान आण्णांचा जावई! त्याच्याही हातात डबी! दोघांनी एकमेकांना बघितलं, आणि दोघेही एकदम छताचा पंखा बघायला लागले!

कागद आले. डॉक्टर म्हणाले, 'तोडकर, बीजांची संख्या फार कमी आहे. अंडकोशातल्या शिरा फुगल्यात. बऱ्याच पुरुषांत असतं हे. छोटी शस्त्रक्रिया करता येते. गुण येतो, पण खात्री देत नाही.'

उमाकांतनं विचारलं, 'डॉक्टर, हे लहरींनी झालं का? मिक्सरच्या?'

डॉक्टर म्हणाले, 'त्यावर अभ्यास चाललाय. काही प्रयोगांत परिणाम दिसतो, काहींत दिसत नाही. तुमच्या घरच्या मिक्सरनं हे केलं, असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. दुसरं कुणी सांगत असेल, तर पुरावा मागा. उष्णतेचं मात्र आम्हाला ठाऊक आहे. तापलेला लॅपटॉप मांडीवर तासन्‌तास नको, फार कढत पाण्यात बसणं नको. तंबाखू तर नकोच. आणि एक सांगू? यात तुमची लाज जाण्यासारखं काही नाही. वेळ मात्र गेला. चार-पाच वर्षांपूर्वीच यायला हवं होतं.'

ऐकलंत? लहरींची भीती खरी की खोटी, ते शास्त्रज्ञ बघतील, ते त्यांचं काम. पण भीती वाटली तर दवाखान्यात जायचं की माळ्यावर चढायचं? ते आपलं काम!

परत येताना उमाकांत म्हणाला, 'हर्षदा, एवढं कुणाला सांगू नकोस.' ती म्हणाली, 'मी नाही सांगणार. सांगायचं ते तुम्ही सांगायचं.' मिक्सर खाली आला, फ्रिज आत आला. कागद मात्र त्याच्या सदऱ्याच्या खिशातच राहिला. तीन आठवडे! रोज वाटायचं, आज सांगू. रोज उद्यावर!

तेवढ्यात बहिणीचं, पल्लवीचं डोहाळजेवण आलं. माहेरी, याच घरात. बायका जमल्या, फुलांची वाडी भरली, ओटी भरायला रांग लागली. हर्षदा ताट घेऊन उभी राहिली. वहिनी ती, मान तिचा! आणि मावशी काय म्हणाली?

'हर्षदा, तू मागं हो गं. आधी लेकुरवाळ्या भरू देत. शुभ कार्य आहे. तू जा, आत भजी बघ.'

मंडळी, एवढ्या बायका होत्या. कुणाला हे नवीन वाटलं? कुणालाच नाही! हर्षदानं खाली बघितलं नाही. सरळ उंबऱ्याकडे बघितलं. कारण उंबऱ्यात उमाकांत उभा होता, पंखा दुरुस्त करायला आलेला.

क्षणभर वाटलं, हा आताही गप्प बसतोय!

पण नाही! तो आत आला. चपला काढायचं भान नाही. खिशातला कागद काढला. आवाज कापत होता हो, शंभर किलोची मोटर उचलणाऱ्याचा आवाज!

'मावशी, थांबा. तपासणी झालीय. दोष माझ्यात आहे. हर्षदात काही दोष नाही, पहिल्यापासून नव्हता. सात वर्षं तुम्ही तिला मागं उभं करत होता, आणि मी दाराआडून ऐकत होतो. तुमच्यापेक्षा मी जास्त चुकलोय. माझ्या बायकोचा मान तिला द्या. आत्ता, सगळ्यांसमोर.'

 मावशीचं तोंड उघडं. तेव्हा पाटावर बसलेली पल्लवी, सातवा महिना, अवघडलेली, हात पुढे करून म्हणाली, 'वहिनी, माझी पहिली ओटी तू भर. तू भरल्याशिवाय मी कुणाची घेणार नाही.' आणि इंदूबाई उठल्या, स्वतः कुंकवाचा करंडा सुनेच्या हातात दिला.  आणि डोळे पुसले.

आणि हर्षदा? रडली? छे! तिनं पल्लवीला कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. सगळं नीट, सावकाश. मग नवऱ्याला म्हणाली, 'आता पंखा लावा. तिला उकडतंय.'

आता तुम्ही विचारणार, 'महाराज, ती शस्त्रक्रिया केली का? मग मूल झालं का?' बघा, त्या ताई पुढे झुकल्यासुद्धा! — नाही सांगणार! अजिबात नाही! झालं म्हणालो, तर तुम्ही गोड मानून घरी जाल. नाही म्हणालो, तर हळहळाल, आणि परत तिच्याच पोटाकडे बघाल! त्या बाईला मिळायचं ते त्या दिवशी, त्या ताटासमोर मिळालं. माझं आख्यान तिथे संपलं.

पण तुमचं? माय-माउल्यांनो, येत्या लगीनसराईत कुणाला 'तू मागं हो' म्हणणार आहात? ते शब्द आत्ताच तोंडातून पुसून टाका. आणि खांबाआडच्या मंडळींनो, आज देवाचा गजर करण्याआधी माझ्यामागून तीन शब्द म्हणायचे. सोपे आहेत. 'आधी माझी तपासणी!' — म्हणा!

...हे काय, कण्हताय का? जेवायला वाढलं की आवाज कसा निघतो? पुन्हा!

...अजून नाही. मी इथून हलणार नाही. तबलजींची बस चुकली तरी चालेल. पुन्हा!

थांबा. तिकडे मागे, खांबाशेजारी, निळ्या सदऱ्यातले दादा उभे राहिले. नाही, नाही, बसू नका! उभे राहा! एकटे आहात म्हणून लाजू नका. तुमची मंडळी इकडे बायकांत बसल्यात, त्यांना दिसताय तुम्ही. म्हणा दादा, मोठ्यानं म्हणा! — टाळकरी, वाजवा!