पेज नदीची शिरगणती

(कर्जतजवळची पेज नदीकाठची वाडी. इंग्रजी अंमल, आगगाडी येऊन वीसेक वर्षं झालेली. मालोजी पाटलांच्या ओटीवर कचेरीतले कारकून यशवंतराव बसले आहेत. नदीतल्या मासळीवर जगणारी मंगळी कातकरीण अंगणात जाळं घेऊन उभी.)

यशवंतराव : तेव्हा हुकूम असा, की दोन वर्षं नदीत कुणी जाळं टाकायचं नाही. या बाईचं जाळं आजच जप्त.

मालोजी : अवो, पण गुन्हा काय झाला?

यशवंतराव : गुन्हा कसला, दया! गेल्या साली मी इथंच बसून विचारलं, पाटील, नदीत मासळी किती? तुम्ही म्हणालात, औषधाला नाय. सरकारला फार वाईट वाटलं. मासे वाढू द्या म्हणाले.

मालोजी : आता खरं सांगू? मला वाटलं, माशावर पट्टी बसवताय. म्हशी इचारल्या तवा पट्टीच बसली. नदी नुसती बुजबुजलीय, यशवंतराव. शिंगाळ्या पायाला डसतात.

यशवंतराव : मग तसं लिहून देता?

मालोजी : देतो की!

यशवंतराव : द्या. पलीकडच्या पाटलानं तसंच दिलं होतं, मासे उदंड म्हणून. त्याच्या डोहाचा लिलाव झाला. कल्याणचा ठेकेदार राखणदार बसवून गेला. गावाला पाण्यात पाय बुडवायची चोरी.

मालोजी : आँ? नाय म्हणावं तर बंदी, हाय म्हणावं तर लिलाव! मग बरोबर जवाब होता तरी कोणता?

यशवंतराव : 'मध्यम.' खालापूरकडच्या गावांनी झाडून सगळ्यांनी 'मध्यम' सांगितलं. तिकडं अजून कुणी फिरकलं नाही.

मालोजी : मग घाला की आमचं बी मध्यम!

यशवंतराव : औषधाला नसलेला मासा वर्षात मध्यम कसा होईल? साहेब विचारील. तो विलायतेत मासे शिकून आलाय.

मंगळी : सायेब, मी बोलू?

मालोजी : तू गप गं.

मंगळी : जाळं माजं जातंय, पाटील, तुमचं नाय. तुमी 'औषधाला नाय' म्हनत व्हतात तवा मी तुमच्याच परसात नदीतली वांब सोलत व्हते.

मालोजी : आन ती वांब कोण जेवलं, यशवंतराव? दोनदा रस्सा मागून घेतलात. तवा नाय लिवलंत ते?

यशवंतराव : मला जबाब लिहायचा हुकूम होता, रस्सा लिहायचा नव्हता.

मंगळी : मग दोन सालं आमी खायचं काय?

यशवंतराव : ते विचारायला मला सांगितलेलं नाही.

मंगळी : मला शेत नाय, ढोर नाय. रानात कंद खनाय गेले तर तितं बी तुमचा शिपाई. चार पोरं हायत, सायेब. त्यांना सांगा तुमची दया.

मालोजी : कायतरी वाट काढा, यशवंतराव. थाप मी मारली, उपास हिला घडतोय.

यशवंतराव : हं. वाट आहे. बंदी राहू दे. पण मासे वाढतायत की नाही, हे सरकारला कळायला नको? म्हणजे मोजणी आली. मोजायचे तर धरायला हवेत. धरायचे तर जाळं हवं. मंगळी, आजपासून तू मासे मारायचे नाहीत. मोजायचे.

मंगळी : म्हंजी पानी तेच, जाळं तेच?

यशवंतराव : शब्द वेगळा. आणि गावेल ते सगळं रोज कचेरीत पोचवायचं.

मालोजी : सगळं? तितं मोजणार कोण?

यशवंतराव : मामलेदार रावसाहेब, जातीनं. फौजदार मदतीला. सोमवारी आणि एकादशीला मोजणी बंद.

मालोजी : आन मोजून झाले का परत नदीत?

यशवंतराव : अहो, परत सोडले तर तेच पुन्हा मोजले जातील. आकडा चुकेल.

मालोजी : धन्य हाय बाबा! मंगळे, जाळं वाचलं तुजं. पाया पड सायबांच्या.

मंगळी : पडते की. सायेब, येक इचारू?

यशवंतराव : विचार.

मंगळी : त्यातला येखादा, पोरांपुरता, मोजायचा ऱ्हायला... तर चालंल का?