साखर उठण्याआधी वाजलेली हलगी

मी प्रसेनजीत गणपती कुरणे, वय ४६ वर्षे, धंदा शिक्षक व व्याख्याने, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

या जिल्ह्यात ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्या प्रत्येकाला एक अनुभव आहे. जनावर कुणाच्या मस्तीने मेले, तरी कागदावर ते आपोआप मेलेले असते. आज सकाळी मलाही 'आकस्मिक मृत्यूचा अर्ज देऊन जावा' असे सांगण्यात आले. मी अर्ज द्यायला आलेलो नाही. भाषण नको, हकीकत सांगा, असे हवालदारसाहेब म्हणाले. हकीकत सांगतो.

आमची घोडी साखर. तिची आई व्याल्याबरोबर मेली, तेव्हा माझी आई शेवंताबाई हिने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले. काल सकाळी आतड्याला पीळ पडून साखर लोळू लागली. आम्ही तिला पन्हाळा रस्त्यावरील एका संस्थेच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉ. तेजस्वी शेळके यांनी भूल देऊन पोट उघडले व पीळ सोडवला. दुपारी बाहेर येऊन त्या आईला म्हणाल्या, "आज्जी, आतडं वाचलं. आता नीट उभी राहिली की ती तुमची."

त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष सम्राट वरुटे, ज्यांना सर्व जण आण्णा म्हणतात, तेथे हजर होते. डॉक्टरांनी त्यांच्यादेखत सांगितले की, घोडे भुलीतून जागे होताना पळायला बघते. डोके आधी जागे होते, पाय मागून. घाईने उठले तर स्वतःच्याच वजनाने पाय मोडून घेते. म्हणून आवाज नको, उजेड नको, कुणी जवळ नको.

साखरला जाड गाद्यांच्या खोलीत निजवले. डोळ्यांवर फडके, कानांत कापसाचे बोळे. लवकर उठू नये म्हणून गुंगीचे थोडे औषध दिले. डोक्याचा आणि शेपटीचा असे दोन दोर भिंतीतल्या कड्यांतून बाहेर घेतले होते. उठताना तिचा तोल सावरायचा, एवढेच आमचे काम. डोक्याचा दोर कंपाउंडर कृष्णात यांच्याकडे, शेपटीचा माझ्याकडे. आईने साखरच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून मुठीत आवळून धरली होती, वाजू नये म्हणून.

आपल्याकडे कुस्ती मारली की गुलाल, निवडणूक जिंकली की गुलाल. आण्णांनी ऑपरेशनही त्यातच धरले. त्यांनी मंडळाची हलगी बोलावली, गुलालाचे पोते आणवले, फोनवर शूटिंग करणारा माणूस आणला. डॉक्टर दारासमोर उभ्या राहिल्या. ती चालत बाहेर येऊ दे, मग काय वाजवायचे ते वाजवा, असे त्यांनी विनवले. आण्णा हसून म्हणाले, "मॅडम, बारसं घालायला पोरगं चालायची वाट बघत्यात व्हय?" सोबतचे लोक हसले.

डॉक्टर म्हणाल्या, "आण्णा, पाय मोडंल तिचा. मगाशी पण सांगितलं, आता परत सांगतेय."

"बघू की. घोडीला बी कळू दे, कुणाच्या दवाखान्यात जगली त्ये."

असे म्हणून आण्णांनी डॉक्टरांना हाताने बाजूला सारले व स्वतः दार उघडले. फोनचा उजेड आत पडला. हलगी दारातच वाजली.

साखर पुढच्या पायांवर उठली. मागचे पाय उठले नाहीत. आम्ही दोघांनी दोर ओढले. माझ्या तळहातांची कातडी दोरासोबत गेली, ती आपण पाहिली आहे. साखर पडली, पुन्हा उठली, भिंतीवर आदळली. तिसऱ्यांदा उठताना तिचा मागचा डावा पाय, जिथे सांधा नाही, तिथे वाकला. त्यानंतर हलगी थांबली.

हाड बाहेर आले होते. इलाज नव्हता. शेवटचे इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांनी आईला विचारले. आई म्हणाली, "आता उठवू नगा तिला."

मी आण्णांना गाडीजवळ गाठले. ते म्हणाले, "ऑपरेशन झालं का न्हाय? आतडं वाचलं का न्हाय? मग चुकलं कुठं, पावणं?" त्यांचा व्हिडिओ काल संध्याकाळपासून गावभर फिरतो आहे. घोडी पडण्याआधीच तो संपतो. खाली लिहिले आहे, 'यशस्वी शस्त्रक्रिया'. त्याच यशाबद्दल आज सायंकाळी सहा वाजता दवाखान्याच्या आवारात डॉक्टरांचा शाल देऊन सत्कार आहे.

जाणूनबुजून जनावर निकामी करणे हा न्याय संहितेत गुन्हा आहे. आण्णा म्हणतील, मला काय माहीत. त्यांना माहीत होते. एकदा समजावून सांगितले होते, एकदा दारात अडवून सांगितले होते. सांगणारी बाई जिवंत आहे, शुद्धीवर आहे आणि त्याच संस्थेत कंत्राटावर आहे. आज सकाळी फोनवर त्या मला म्हणाल्या, "सर, विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण विचारायला कुणीतरी यायला पाहिजे."

माझा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेच त्यात उतरले आहे. त्यातला एकही शब्द मऊ करू नये. हाताला पट्टी असल्याने सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे. माझी मागणी एकच : डॉ. तेजस्वी शेळके यांच्या खांद्यावर ती शाल पडण्याआधी त्यांचा जबाब घ्या. गाडी आत्ता काढा.