न्हाणीतला लसणीचा वास

ठाणे, भाद्रपद वद्य, सन १८८४.

नाव रंगूबाई, कै. रघुनाथपंत जोगदेव यांची विधवा. वय पन्नासच्या आसपास. धंदा विचारलात, तर भावाच्या घरी स्वयंपाक. राहणार टेंभी नाका, ठाणे. फौजदारसाहेबांपुढे स्वतः हजर राहून सांगते की,

मयत हरिहर वकील हा माझा पाठचा भाऊ. फिर्यादी श्रीपाद सर्वांत धाकटा. अटकेत आहे ती शकू, हरिहरची बायको, माहेर खडवलीचे. हरिहर परवा सकाळी वारला. पोटात सोमल निघाला असे डॉक्टर म्हणाले. तो शकूने रात्रीच्या दुधातून घातला, असे श्रीपादचे म्हणणे. हरिहरला हल्ली दूध जात नसे. पेला तसाच परत येई आणि मांजर पिई. मांजर ठणठणीत आहे, हवे तर आणून दाखवते.

हरिहरने श्रावणात एका साहेबाची जुनी बग्गी विकत घेतली. दसऱ्याला पिवळ्याधमक बग्गीतून सोने लुटायला जायचे, असे त्याने डोक्यात घेतले होते. रंगाऱ्याचे काम पसंत पडेना, म्हणून कल्याणहून पिवळ्या रंगासाठी हरताळ आणून तो स्वतःच बग्गी रंगवू लागला. धूळ बसू नये म्हणून घरामागच्या तबेल्याचे दार लावून घेई आणि फटींवर ओली धोतरे टांगी. मी म्हटले, "अरे, आत जीव गुदमरेल तुझा." तर म्हणाला, "अक्का, तुला यातलं काय कळतं? कुंचल्याच्या रेघा दिसल्या तर लोक हसतील."

रेघा नकोत म्हणून त्याने युक्ती काढली. पातळ रंगात बोरूची नळी उभी धरायची आणि तिच्या तोंडावरून फुंकणीने जोरात फुंकायचे. रंगाचे तुषार उडून बग्गीवर बसत. बाहेर येई तेव्हा त्याच्या मिशाही पिवळ्या असत. मी त्याला हळदीचा नवरा म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

फुंकणी न्हाणीतल्या चुलीची होती. माझ्या सोवळ्यातल्या फुंकणीला मी कोणाला हात लावू देत नाही. शकू रोज पहाटे ती तबेल्यातून आणून पाणी तापवायला चूल फुंकी.

चातुर्मासात आमच्या घरी लसूण येत नाही. तरी पहाटे न्हाणीत लसणीचा वास येऊ लागला. श्रीपादने घर डोक्यावर घेतले. "हिच्या माहेरी सगळं चालतं. चोरून खाते आणि वर तोंड करून बोलते!" शकू रडत मला म्हणाली, "वन्सं, देवाशपथ, मी लसणीला शिवले नाही." तिच्या वाईट चालीचा पुरावा म्हणून फिर्यादीत हीच लसूण घातली आहे.

हरिहरला ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात आग पडे, पायांना मुंग्या येत. भिंत धरून चालायचा, पण तबेला सोडला नाही. लहानपणी मी त्याला कडेवर वाढवला. या गोष्टीचा खटल्याशी संबंध नाही, तरी लिहा.

काल मी तबेल्यात गेले. उरलेल्या हरताळाची चिमूट निखाऱ्यावर टाकली. तोच लसणीचा वास आला. फुंकणीच्या दोन्ही तोंडांना पिवळा थर आहे. ती फडक्यात बांधून आणली आहे, कोणी ओठाला लावू नये. आमचे वडील पोथ्या उतरवून काढत. चुकलेल्या ओळीवर हरताळ फासत, आणि त्या पानाला आम्हाला ओले बोट लावू देत नसत. त्यात सोमल असतो, म्हणत.

आज इथे आल्यावर कोठडीपाशी गेले. शकूच्या कपाळावर कुंकू अजून तसेच आहे, पुसणाऱ्या बायका घरी आणि ती इथे. मला पाहून उठायला गेली, तर पाय धरेनात. दोनदा ओकली. भीतीने होते असे, म्हणाला दारावरचा शिपाई धोंडीबा. मग नाकाला पटका लावून मला विचारू लागला, "बाई, हिला लसूण कोण पुरवतंय? सगळी कोठडी वास मारतेय."

काल अटक झाल्यापासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेलेला नाही. भाऊ गेला तो गेला. तपास उद्या करा, डॉक्टर आत्ता बोलवा.

वरील मजकूर कारकुनाने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. यातल्या एकाही ओळीला हरताळ फासू नये.