बातमी खरी होती, नळ नवा होता

...नाही, मला एक सांगा, बातमी खोटी होती का? "'येतोच' म्हणणारे प्लंबर जातात कुठे?" असा ठसठशीत मथळा देऊन मी छापलं, की अकोल्यातले प्लंबर फोनवर "निघालोच भाऊ" म्हणतात आणि त्याच वेळी बार्शीटाकळीला कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेले असतात. तुमच्यापैकी कुणाचा वेगळा अनुभव आहे? हात वर करा. बघा, एक हात नाही. बातमी खरी होती!

पण खरं लिहिलं की झोंबतं. आमच्या गल्लीच्या टोकाला किशोर राहतो, प्लंबर मंडळींचा पुढारी. त्यानं पानठेल्यावर सगळ्यांना जमवून ठरवलं, की हे भाऊ पेपरात खुलासा छापत नाहीत तोवर ह्यांच्या घरी कुणी पाना घेऊन जायचं नाही. म्हणजे प्लंबर येत नाहीत असं मी लिहिलं, म्हणून प्लंबर येणार नाहीत! ह्याहून मोठा पुरावा कोणता असतो हो? आणि खुलासा? तीस वर्षं बातमीदारी केली, पुढाऱ्यांच्या नोटिसा आल्या, संस्थाचालकांनी घरी माणसं पाठवली, पण कधी खुलासा छापला नाही. तो आता प्लंबरसाठी छापू?

आणि बाथरूममधल्या बेसिनचा नळ नेमका तेव्हाच गेला. फिरवायला गेलो तर मूठ हातात. माझी बायको आशा, अकोटची. तिकडच्या माणसांना आडपडदा ठाऊक नाही. म्हणाली, "अवो, किशोरची माफी मांगून टाका. तुमचं काय झिजते?" मी म्हटलं, नवा नळ आणून मी स्वतः बसवतो. तिनं बाथरूममधली बादली, मग, साबण, सगळं उचलून बाहेर नेऊन ठेवलं. ह्याला विश्वास म्हणायचं?

तुम्ही कधी बेसिनखाली शिरलात? शिरू नका. पाठ भिंतीला, गुडघा कमोडला, तोंडावर गंज पडतोय, आणि नळ आवळायची चकती अशा सांदीत, की पाना जातो तर हात जात नाही आणि हात जातो तर चष्मा पडतो. दुकानदार म्हणाला होता, "काई नाई भाऊ, फिरवला का बसला." कोण बसला? मी बसलो, अख्खी दुपार... पण बसवला! नळ उघडला, खालून हात फिरवला, कोरडा ठणठणीत. एक थेंब गळत नाही. फोटो काढला, पत्रकारांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "स्वावलंबन". किशोरलाही पाठवला. का नाही पाठवायचा? बातमी खरी होती!

शेजारच्या पंजाबरावांना मुद्दाम बोलावून दाखवला. त्यांनी वाकून खालून पाहिलं, वरून नळ दोनदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "गळून नाई राहिला भाऊ, हे खरं. पण वरूनबी काई येऊन नाई राहिलं."

आता तुम्हाला काय सांगायचं, आपल्याकडे पाणी रोज कुठे येतं? आठवड्यातून एकदा आलं की गच्चीवरची टाकी भरायची आणि पुढच्या पाळीपर्यंत ती पुरवायची. आमची टाकी आदल्याच दिवशी संपली होती. म्हणजे मी जी चाचणी घेतली ती... जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. सगळी गल्ली मोटारी लावायला धावली, आम्हीही लावली. मी ऐटीत ब्रश घेऊन बेसिनपाशी गेलो, आणि बेसिनखालून असा फवारा सुटला की विचारू नका. खालचा कॉक बंद करायला पिळला, तर कॉकच उखडून हातात. गच्चीवरचा कॉक गंजून जाम. आता मोटार बंद करावी तर टाकी भरायच्या आत पाणी जाणार आणि पुढची पाळी येईपर्यंत गल्लीत बादल्या घेऊन फिरायचं. चालू ठेवावी तर जेवढं टाकीत चढतं तेवढं हॉलमध्ये उतरतं. काय केलं असतं तुम्ही? मी पाइपच्या तोंडाला अंगठा लावून बसलो. तीस वर्षांची पत्रकारिता, आणि आलो अंगठ्यावर!

आशानं किशोरला फोन लावला. तो आला, पण पायरीवरच थांबला. म्हणे, "भाऊ, खुलाशाचं कसं करता?" मी बेसिनखालूनच सांगितलं, बातमी खरी होती. "बरं," म्हणाला आणि कोरड्या पायरीवर बसला. इकडे सोफ्याखालून चपला तरंगत निघालेल्या. आशा माझ्यापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "अवो, अंगठा लावून आठवडा नाई निघत."

काय करणार? तिनं माझ्या कानाला फोन धरला आणि मी ऑफिसला मजकूर सांगू लागलो, "सदर बातमी अपुऱ्या माहितीच्या आधारे..." तर पायरीवरून आवाज आला, "असं नोका लिवू भाऊ, कोनाले समजत नाई. किशोर एका फोनवर आला, असं लिवा."

आणि तुम्हाला सांगतो, तिथंच मी हरलो. कारण तो आला होता की! एका फोनवर, सायकल हाणत, अवजारांच्या पिशवीसकट. तीस वर्षं खरं तेच छापलेला माणूस मी, आता हे नाही कसं म्हणणार? सांगितलं. तसंच्या तसं, त्याच्या शब्दांत. मग तो आत आला.

बातमी खरी होती... आणि खुलासाही खरा.

छापून आला त्या दिवशी आशानं अकोटच्या बहिणीला फोन लावून तो मोठ्यानं वाचून दाखवला. माझं लिहिलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं हो. वाचून झाल्यावर म्हणाली, "पाह्य ना बाई, रिटायर व्हाची वेळ आली, अन आता कुठं ह्यायले लिवता येऊन राहिलं."