अजून महिनाभर मशीन राहू द्या

अहो, मशीन परत न्यायला आलात म्हणून लगेच वायर काय गुंडाळायला लागलात? बसा की. पाणी घ्या. मी काय म्हणते, मशीन अजून महिनाभर इथंच राहू दे ना — हो, डॉक्टरांनी सांगितलं हाड भरलं म्हणून, मीही होते तिथं. एक्स-रे दाखवला. पोरीच्या नडगीत बोटभर जागेत हाडच उरलं नव्हतं हो, अपघातात चुरा झालेला — तिथं तो जाळीदार तुकडा बसवला, पावासारखा, भोकंभोकं असलेला. हाड म्हणे त्या भोकांतून वाढत जातं, आणि तुकडा आपला हळूहळू विरून जातो. वाढ लवकर व्हावी म्हणून हे तुमचं सोनोग्राफीसारख्या लहरींचं मशीन. मला आधी हसूच आलं — ना गरम लागतं, ना आवाज करतं, ह्यानं काय डोंबल हाड वाढणार! पण वाढलं बघा.

कोण, मुलगी? नाही हो, सून. गाडी मुलगा चालवत होता. तो तिथंच गेला — असू दे, तुम्हाला काय माहीत.

खरं सांगू? आधी मला तिचं तोंड बघवत नव्हतं. माझा गेला आणि ही राहिली. बोलले नाही कधी, पण कळायचंच तिला. मग हे मशीन आलं. आता रोज वीस मिनिटं एकीनं पाय पुढं करायचा, दुसरीनं जेल लावून डॉक्टरांनी केलेल्या खुणेवर ही चकती धरायची — किती वेळ गप्प बसणार माणूस? एकदा तीच म्हणाली, आई, तो झोपेत दात खायचा, माहीत होतं तुम्हाला? मला नाही माहीत असणार! जन्म दिलाय मी त्याला! — हसलो हो दोघी, आणि हसता हसता रडलो. तेव्हापासून रोज तेवढा वेळ तो घरात असायचा. मशीन बंद केलं की जायचा.

उद्या तिचा भाऊ येतोय तिला माहेरी न्यायला. नोकरी धरलीय तिकडं. जावंच तिनं, तरणी पोर, मी काय तिच्या गळ्यात धोंडा होऊन राहू? पण मनात आलं होतं हं — चकती जरा बाजूला धरावी, हाड भरायला तेवढाच उशीर, कुणाला कळतंय! हात धजला नाही. म्हणून तुम्हाला म्हणते, तुम्हीच सांगा तिला — हाड भरलं तरी महिनाभर लावावं लागतं, असा नियम आहे. तुमच्या तोंडून खरं वाटेल. काय जातंय तुमचं? एवढंच सांगा, पाया पडते —

थांबा. ऐका. जिन्यावर — काठी वाजत नाहीये. काठी न घेता उतरतेय ती...

सावकाश गं बाई! कठडा धर! — हो, मशीन न्यायला आलेत ते. निघालेच!

न्या. अहो, न्या ना, बघताय काय माझ्याकडं? आणि ही जेलची बाटली पण न्या. अर्धी आहे अजून, लागेल कुणाला तरी.