दोन कंपन्या, एक भिंत आणि माझ्या जाऊबाई

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील दोन्ही कंपन्यांचे संचालक, माझे सहकारी आणि घरची कामं आटोपून इथवर आलेल्या कुटुंबीयांनो,

हा गुच्छ आधी टेबलावर ठेवते. हातात काही धरून बोलायची मला सवय नाही.

अध्यक्षांनी आत्ता सांगितलं, की दोन कंपन्या कामाचा हिशेब ठेवणारं एकच सॉफ्टवेअर वापरतात आणि तरी इकडची माहिती तिकडे जात नाही. ऐकायला फार मोठं वाटलं. आपण हॉस्पिटलच्या खाटा बनवतो, शेजारची कंपनी त्या खाटा वर-खाली करणाऱ्या मोटारी. कुठली खाट कुठवर आली, हे दोघांना दिसायला हवं. बाकीचं ज्याचं त्याला. मधली भिंत मी सांभाळते आणि तिच्या दोन्ही बाजू मला एकटीलाच दिसतात. आपले स्टोअरकीपर मला सासूबाई म्हणतात. "सगळं बघते, पण बोलत काही नाही!" आता अशी सासू कुणी पाहिली आहे का?

दर शुक्रवारी मी एकेकाच्या नावाने स्क्रीन उघडून बघते, त्याला नको ते दिसत नाही ना. काही दिसलं नाही की मी खूश. किती जणांच्या नशिबी असला आनंद असेल?

माझ्या मोठ्या जाऊबाई शेजारच्या कंपनीत मोटारींच्या चाचणी विभागात होत्या. आज इथे आल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या संचालकांच्या पानावर मला दिसलं, की तो विभाग बंद होणार. मागच्या महिन्यात ते जाहीर झालं, म्हणून आज बोलते आहे. सवय सुटत नाही, बघा.

त्याच शुक्रवारी जाऊबाईंच्या नावाने स्क्रीन उघडली. पुढच्या वर्षापर्यंतची कामं ओळीने लावलेली. एका कामाखाली त्यांनी लिहिलं होतं, "हे मी नव्या मुलींना शिकवीन." विभाग बंद होण्याचा कुठे मागमूस नव्हता. तसा तो नसायलाच हवा होता. मी शेरा दिला : ठीक.

दोन दिवसांनी घरी भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "अगं, मला दुसरीकडून विचारलंय. पण इथे बरं चाललंय की. उगाच कशाला धडपड? तुला काय वाटतं?"

"तुमचं तुम्ही बघा, जाऊबाई."

"घ्या! एरवी तोंडाचा पट्टा सुरू, आणि सल्ला मागितला की कुलूप!" त्या हसल्या. मीही हसले. ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.

सांगायला हवं होतं का? अजून ठरवता येत नाही. त्या कंपनीने विश्वासाने किल्ली माझ्या हातात दिली होती. आणि जाऊबाईंनी? त्यांनीही विश्वासानेच विचारलं होतं.

आज सकाळी त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

मी "हो" म्हटलं. त्यांनी माझ्या बाहीचं सुटलेलं बटण शिवून दिलं, दोरा दाताने तोडला. "चल, उशीर होईल." बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. त्या पुढे जाऊन बसल्या.

या सत्काराबद्दल दोन्ही कंपन्यांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर तुम्ही सगळे पोटात घालालच. एका व्यक्तीकडून मात्र मी ते गृहीत धरत नाही.

गप्प राहणं माझं काम होतं, जाऊबाई. हसणं नव्हतं.