वामनभाऊंचा खटखट कीबोर्ड

आमच्या कुरखेड्याच्या वामनभाऊंनी लॅपटॉप घेतला, तेव्हाची गोष्ट सांगतो. त्यांचं टायपिंगचं दुकान घरातच, पुढच्या खोलीत. मध्ये नुसता पडदा आणि पडद्यामागे वहिनींची दुपारची झोप. लॅपटॉपवर बोटं नुसती फिरायची, आवाज म्हणून नाही. पहिल्याच दुपारी वहिनी डोळे चोळत बाहेर आल्या.

"काऊन हो, काम बंद पडलं का? मले झोपच नाई येऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी जुन्या कॉम्प्युटरचा जाडजूड कीबोर्ड लॅपटॉपला जोडला. खटखट सुरू झाली आणि वहिनींचा डोळा लागला.

पुढे उन्हाळ्यात मी एकदा काही टाइप करून घ्यायला गेलो. लाइट सकाळपासून गेलेली, वाऱ्यावर मोहाचा वास, अख्खी गल्ली पेंगलेली. भाऊ मात्र खिडकीबाहेर बघत संथपणे टायपिंग करत होते. मी वाकून पाहिलं, तर स्क्रीन काळाकुट्ट. बॅटरीही कधीच संपलेली.

"भाऊ, काय लिहून राह्यले?"

बोटं न थांबवता ते पुटपुटले, "हळू बोल. मी थांबलो, तं तुझी वहिनी उठन."